गोलमागचा आवाज: फुटबॉल मैदानांचं वातावरण कसं घडलं, कुठे विरलं

३० एप्रिल १९९४ रोजी लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर गोलमागच्या ‘कॉप’ स्टँडमध्ये लोकांनी शेवटच्या वेळी उभं राहून सामना पाहिला. नॉर्विच सिटीने सामना १-० असा जिंकला, पण त्या दिवशी निकालाचं कुणाला फारसं पडलं नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत काँक्रीटच्या पायऱ्या गेल्या. ऐन भरात जिथे २८ हजारांच्या आसपास माणसं मावत, तिथे १२ हजारांहून थोड्या जास्त खुर्च्या आल्या. इंग्लंडमधली मैदानं गप्प झाली ही तक्रार बहुतेक जण याच सुमारापासून मोजतात आणि दोष खुर्चीवर टाकून मोकळे होतात.

आवाजाचा हिशेब वेगळं सांगतो. सारख्याच जोराने ओरडणारी माणसं निम्मी झाली, तर आवाज ३ डेसिबलने उतरतो. २८ हजारांचे १२ हजार झाले म्हणजे घट साडेतीन डेसिबलच्या आसपास. एवढा फरक कानाला कळतो, पण त्याने मैदान मुकं होत नाही. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल जावे लागतात, म्हणजे दहा गाणाऱ्यांतले नऊ गप्प बसावे लागतात. आत किती माणसं आहेत यापेक्षा त्यातली किती जण एकाच ठेक्यावर तोंड उघडतात, याला जास्त मोल आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत तो ठेका कशाने जुळला आणि कशाने मोडला, ते पाहिलं की आजची शांतता नीट समजते.

ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर ५ एप्रिल १९०२ रोजी स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना उभं राहायच्या पायऱ्यांचा, म्हणजे टेरेसचा, लाकडी भाग कोसळला आणि २५ जण दगावले. त्या मैदानाचा आराखडा आर्चिबाल्ड लीच यांचा होता. लाकडी सांगाड्याऐवजी मातीचा भराव, त्यावर पायऱ्या आणि मध्ये मध्ये गर्दीचा रेटा अडवणारे लोखंडी कठडे, ही पद्धत त्यानंतर रुळली. लीच यांनी पुढची तीन दशकं ब्रिटनमधल्या कितीतरी मैदानांना हेच रूप दिलं. कॉप १९०६ मधला. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप टेकडीवर जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धातली मोठी लढाई झाली, तिच्यावरून हे नाव पडलं. (त्या लढाईत जखमींना वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी होते.) १९२८ मध्ये कॉपवर छत चढलं आणि भरावावरून आकाशात विरून जाणारा आवाज मैदानाकडे वळू लागला.

गोलमागची जागा स्वस्त असे, कारण तिथून समोरच्या गोलजवळ काय चाललंय ते धड दिसत नाही. शिवाय तिकिटावर जागेचा नंबर नसे. चांगली जागा हवी तर लवकर यायचं. तीनच्या सामन्याला लोक दीड-दोन तास आधी येऊन उभे राहत, तेही दर वेळी त्याच कठड्यापाशी, त्याच ओळखीच्या टोळक्यात. हा रिकामा वेळ फार महत्त्वाचा आहे. थंडीत दाटीवाटीने उभ्या माणसांना करण्यासारखं दुसरं काही नसे, म्हणून ती गात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲनफिल्डवर सामन्याआधी भोंग्यावरून लोकप्रिय गाणी लावत आणि कॉप त्यांना साथ देई. पुढे त्याच चालींवर खेळाडूंची नावं बसवली गेली. त्याआधी इंग्लंडमध्ये गर्जना होती, बँड होता, हातात धरून फिरवायच्या कडकडणाऱ्या लाकडी फिरक्या होत्या. पण नव्वद मिनिटं चालणारं सामूहिक गाणं असं नव्हतं.

इतरत्र ते निराळ्या वाटेने आलं. ब्राझीलमध्ये फ्लामेंगो क्लबच्या चाहत्यांनी १९४२ मध्ये ‘शारांगा’ नावाचा वाद्यवृंदच मैदानात आणला. १९५० च्या विश्वचषकातल्या ब्राझिलियन प्रेक्षकांच्या कथा ऐकून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात हायदुक क्लबच्या समर्थकांनी ‘तोर्सिदा’ ही संघटना उभारली. नावसुद्धा पोर्तुगीजमधलंच घेतलं. इटलीत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कट्टर समर्थकांचे ‘अल्ट्रा’ गट तयार झाले. मिलानचा ‘फोस्सा देई लिओनी’ १९६८ मधला. ब्रिटिश टेरेसवर गाणं कुठूनही सुरू होई आणि आवडलं तर पसरे. इटालियन पद्धतीत मात्र एक म्होरक्या असतो. तो मैदानाकडे पाठ करून कठड्यावर चढतो, हातात मेगाफोन घेतो आणि नव्वदपैकी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं खेळ पाहतो.

त्याने पाठ का करायची, याला भौतिकशास्त्रातलं चोख कारण आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एका गोलमागच्या स्टँडच्या मध्यापासून दुसऱ्या गोलमागच्या स्टँडच्या मध्यापर्यंत सहज १३० मीटर भरतात, म्हणजे आवाज पोचायला ०.३८ सेकंद लागतात. मिनिटाला १२० टाळ्यांच्या ठेक्यात दोन टाळ्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाचं. समोरच्यांनी कानाने ऐकून साथ धरली, तर ते पाऊण ठोका मागे पडतात. त्यांचा आवाज परत येईपर्यंत दीड ठोका उलटतो आणि गाण्याचा चिखल होतो. एकाच स्टँडमध्येही पुढच्या रांगेपासून ४० मीटर मागे असलेल्याला ढोल ०.१२ सेकंद उशिरा ऐकू येतो. प्रकाशाला असा उशीर होत नाही. म्हणून म्होरक्याचा वर गेलेला हात पाहून टाळी वाजवायची, आणि ढोल एकाच ठिकाणी, शक्यतो खालून एक तृतीयांश उंचीवर, स्टँडच्या मधोमध ठेवायचा. दोन कोपऱ्यांत दोन ढोल ठेवले की पाचव्या मिनिटाला गट फुटतो. म्होरक्याला मधल्या ब्लॉकपलीकडचे लोक दिसत नसतील, तर बाजूला दोन मदतनीस उभे करावे लागतात. ते त्याच्याकडे बघून हात हलवतात.

इंग्लंडमध्ये हे सगळं मोडलं ते आपत्त्यांच्या मालिकेने. २ जानेवारी १९७१ रोजी आयब्रॉक्सच्या जिन्यावर ६६ जण चेंगरून गेले. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला ब्रसेल्सच्या हेसेल मैदानावर ३९. मग १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान. लेपिंग्ज लेन बाजूच्या टेरेसवरच्या १०,१०० लोकांसाठी आत यायला फक्त ७ फिरती दारं होती. बाहेर गर्दी साचल्यावर पोलिसांनी मोठं फाटक उघडलं, पण टेरेसच्या मधल्या दोन, आधीच भरलेल्या बंदिस्त कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. पुढे मैदानात घुसू नये म्हणून उभारलेली जाळी. ९७ जीव गेले. २०१६ मध्ये चौकशीच्या ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा ठरवले आणि समर्थकांचा दोष नसल्याचं नमूद केलं. हे दर वेळी सांगायला हवं, कारण सत्तावीस वर्षं दोष गाणाऱ्या माणसांवर ढकलला जात होता.

हिल्सबरोची चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड जस्टिस टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. १० चौरस मीटरमध्ये ५४ माणसं उभी करण्याची मर्यादा ४७ वर आणली गेली, जाळ्या निघाल्या, आणि वरच्या दोन श्रेणींतल्या क्लबांना १९९४ पर्यंत सगळी मैदानं खुर्च्यांची करायला सांगण्यात आलं. यातलं बरंचसं आवश्यकच होतं. जिने, दारं, कठडे आणि माणसं मोजण्याची पद्धत सुधारल्याने लोक जिवंत घरी जातात.

नुकसान झालं ते खुर्च्यांबरोबर आलेल्या तिकीटविक्रीने. जागेला नंबर लागला, तसं लवकर यायचं कारण संपलं. सामन्याच्या दहा मिनिटं आधी स्टँड भरू लागला आणि गाणी जिथे तयार होत तो तासच गेला. आठ जणांचं टोळकं आठ वेगवेगळ्या रांगांत विखुरलं. शेजारी अनोळखी माणूस असला की पहिली ओळ कोण उचलणार? १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, दर चढत गेले, आणि जी पोरं सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर टेरेसवर गाणी शिकत, त्यांना परवडेनासं झालं. माझ्या मते खुर्चीपेक्षा मोठा घाव हा आहे, कारण इथे शिकवणारी साखळीच तुटली. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी ॲनफिल्डवर ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधात ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून निघून गेले. लिव्हरपूल तेव्हा संडरलंडविरुद्ध २-० ने पुढे होतं. सामना २-२ सुटला. काही दिवसांतच दरवाढ मागे घेतली गेली.

आता इमारतीकडे. मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं म्हणून वास्तुरचनाकार ‘सी-मूल्य’ काढतात: मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, ते मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे मान तिरपी करून पाहायचं, ९० बरं, १२० उत्तम. समजा मैदानाच्या कडेपासून प्रेक्षक २० मीटर लांब आणि ६ मीटर उंच आहे आणि रांग ८०० मिलिमीटर खोल आहे. ९० मिळवायला पायरी सुमारे ३३४ मिलिमीटर उंच हवी. ४० मीटर लांब आणि १५ मीटर उंच गेलं की तीच गरज ३९२ वर जाते. म्हणून स्टँड वर जाताना उभा होत जातो. ब्रिटनमध्ये ३४ अंशांपर्यंतचा उतार चालतो. सगळ्यांना उत्तम दिसायला हवं म्हटलं की स्टँड उंच होतो, मधे काचेच्या खासगी कक्षांचा पट्टा येतो, आणि वरच्या-खालच्या लोकांचा एकमेकांशी संबंधच राहत नाही. एका मजल्याचं गाणं दुसऱ्यावर चढत नाही.

छताचंही तसंच. खालून कडक पत्रा आणि तो पहिल्या रांगेपर्यंत पुढे आलेला असेल, तर आवाज दुमडून मैदानावर पडतो. पातळ पडद्याच्या छतातून खालचे सूर, म्हणजे ढोल आणि पायांचा दणका, आरपार निघून जातात. कोपरे उघडे ठेवावे लागतात, कारण गवताला ऊन-वारा हवा; पण आवाज नेमका तिथूनच गळतो. मैदानाभोवती शर्यतींची धावपट्टी असली तर प्रेक्षक लांब जातात आणि सगळ्यावर पाणी. ट्युरिनच्या डेल्ले आल्पी मैदानाला १९९० पासून ती होती. युव्हेंटसने त्याच जागी २०११ मध्ये ४१ हजारांचं मैदान बांधलं आणि पहिली रांग खेळापासून साडेसात मीटरवर आणली. टॉटनहॅमच्या २०१९ च्या मैदानात दक्षिणेचा स्टँड १७,५०० लोकांचा, सलग एका उताराचा, ३४ अंशांचा आहे. नमुना जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडचा, जिथे जवळपास २५ हजार माणसं उभी राहतात.

जर्मनीने उभं राहणं सोडलं नाही. तिथे उभ्या तिकिटावर ब्लॉक असतो, खुर्चीचा नंबर नसतो, म्हणजे टोळकं एकत्र राहतं. दर हंगामी पासावर परवडणारे ठेवतात. युरोपीय स्पर्धांसाठी खुर्च्या सक्तीच्या होत्या, तेव्हा डॉर्टमुंडची क्षमता ८१ हजारांवरून ६६ हजारांवर यायची. आवाज नसला तर काय उरतं, हेही तिथल्याच समर्थकांनी दाखवलं: सुरक्षेच्या नव्या नियमांविरुद्ध २०१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहिली १२ मिनिटं १२ सेकंद सगळे गप्प राहिले. चेंडूला लागणाऱ्या लाथेचा आवाज वरच्या रांगांपर्यंत येत होता.

प्रेक्षकांच्या आवाजाचा खेळावर परिणाम होतो, हेही तपासलेलं आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पंचांना लिव्हरपूल-लेस्टर सामन्याची चित्रफीत दाखवली; आवाजासह पाहणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. २०२० मध्ये रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं घटली आणि घरच्या मैदानाचा फायदा आटला.

इंग्लंडमध्ये कठडा असलेल्या खुर्च्यांपाशी उभं राहू देण्याची चाचणी जानेवारी २०२२ मध्ये पाच क्लबांच्या मैदानांवर सुरू झाली आणि २०२२-२३ च्या हंगामापासून परवानगी कायम झाली. प्रत्येक रांगेपुढे कमरेइतका कठडा, मागे मिटणारी खुर्ची, आणि एका खुर्चीला एकच माणूस. रेटा पुढे सरकत नाही. चुकतं ते वेगळ्या ठिकाणी: ब्लॉक निवडताना आधीच्या पासधारकांना न हलवता मधे मधे गाणारे बसवले, तर बसून पाहणाऱ्यांशी रोज भांडण होतं. रिकामी जागा आली की ती ऑनलाइन सुटी विकली जाते आणि गटाला भोकं पडतात. मित्र आत घेण्यासाठी लोक दुसऱ्याच्या रांगेत घुसतात, वाटा तुंबतात, मग परवाना देणारे कान पिळतात. चालणारा मार्ग कष्टाचा आहे: आधी हजारेक गाणाऱ्यांची नावं घ्यायची, गोलमागचा खालचा मधला ब्लॉक रिकामा करायचा, तिथल्या जुन्या पासधारकांना तितक्याच चांगल्या जागा द्यायच्या, नव्यांना गटागटाने बसवायचं, तरुणांसाठी वेगळा दर ठेवायचा. आणि सामन्याआधीची पंधरा मिनिटं भोंगा बंद. शंभर डेसिबलच्या संगीतापुढे कुणीही गाणं सुरू करत नाही. खुर्च्यांवर ठेवलेले पुठ्ठ्याचे टाळ फक्त खडखड करतात. २०१० च्या विश्वचषकात वुवुझेला नावाच्या प्लास्टिकच्या पिपाण्यांनी गाणी अशीच गिळली होती.

कॉपच्या काही भागात २०२१ पासून असे कठडे आहेत. तिकिटावर मात्र अजूनही रांग आणि खुर्चीचा नंबर छापलेला असतो.