डाय बदलायला किती वेळ जातो? नवी प्रेस घेण्याआधी हे मोजा
(पॉवर प्रेसवर शीट मेटलचे जॉब करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ऑर्डरी वाढल्या आणि माल वेळेवर जाईना की नव्या प्रेसचं कोटेशन मागवलं जातं. त्याआधी आहे ती प्रेस शिफ्टमध्ये किती वेळ माल काढते आणि किती वेळ डाय (पत्रा कापायचा-वाकवायचा साचा) बदलण्यापायी उभी असते, हे कागदावर आणा.

समजा, ८ तासांच्या शिफ्टमधून जेवण-चहाची ५० मिनिटं वजा जाऊन ४३० उरतात. दिवसाला ३ डाय बदलतात आणि एका बदलाला ५५ मिनिटं लागतात, तर १६५ मिनिटं गेली. तोच बदल १८ मिनिटांवर आला तर ५४ जातात आणि १११ मिनिटं हाती येतात. हाताने पट्टी भरून मिनिटाला १२ पीस निघत असतील, तर हे १,३३२ पीस झाले.

हा सगळा वेळ जादा पीस काढण्यात घालवू नका. आधी लॉट लहान करा. सेटिंगला तास लागतो म्हणून एकदम ५,००० चा लॉट मारला जातो. पंचाची (डायच्या वरच्या, कापणाऱ्या भागाची) धार गेल्याचं किंवा लोकेटिंग पिन झिजल्याचं पुढच्या ऑपरेशनला कळतं, तोवर अख्खा लॉट बिनमध्ये पडलेला असतो. सेटिंगचा वेळ एक-तृतीयांश झाला की तेवढ्याच एकूण वेळात लॉटही एक-तृतीयांश करता येतो आणि चूक लवकर सापडते.

मोजायचं कसं

सेटिंगचा वेळ म्हणजे नुसता डाय बसवण्याचा वेळ नव्हे. जुन्या जॉबचा शेवटचा चांगला पीस पडल्यापासून नव्या जॉबचा पास झालेला पीस नेहमीच्या वेगात निघेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरा. फोन स्टँडवर लावून पूर्ण बदल चित्रित करा. निदान ५ बदल, सगळ्या शिफ्टमधले. सेटरला (डाय बदलणाऱ्या कारागिराला) आधीच सांगा की त्याचा वेग नव्हे, त्याची पायपीट मोजतोय. या मोजणीला इन्सेंटिव्ह जोडलात की हात सावकाश चालतील आणि आकडे निकामी होतील. नंतर सेटरला शेजारी बसवून ते चित्रीकरण पाहा. कुठे काय अडतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहा: हे प्रेस चालू असताना उरकता आलं असतं का? रॅकमधून डाय आणणं, बोल्ट शोधणं, पुढच्या जॉबची शीट, गेज आणि ड्रॉइंग गोळा करणं ही सगळी कामं प्रेस थांबण्याआधी होऊ शकतात. त्यासाठी प्रत्येक जॉबची एक ट्रॉली आणि तिच्यावर काय हवं याची यादी पुरते. खर्च जवळजवळ नाहीच, म्हणून सुरुवात इथूनच करा.

मग प्रेस थांबवूनच करायची कामं

इथे सगळ्यात जास्त वेळ शट हाइट खाते, म्हणजे रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) पूर्ण खाली असताना डायला मिळणारी उंची. प्रत्येक डायची उंची वेगळी, म्हणून दर वेळी रॅम वर-खाली करायचा, ठोका मारून बघायचा, परत फिरवायचा. उपाय असा की एका प्रेसवर चालणाऱ्या डायचा गट पाडा, त्यातल्या सर्वांत उंच डायची उंची धरा आणि बाकीच्यांखाली ग्राइंड केलेल्या पट्ट्या कायमच्या बोल्टने बसवा. जोडीतल्या दोन्ही पट्ट्या एकाच सेटिंगमध्ये ग्राइंड करून घ्या. पट्ट्या कटिंगच्या जागेपासून फार लांब पडल्या तर लोडखाली खालची प्लेट वाकते, पंच-डायमधला क्लिअरन्स बिघडतो आणि बर (कापलेल्या कडेला उरणारी खरखरीत धार) एकाच बाजूला येते. स्क्रॅप पडायची वाटही बुजता कामा नये.

मग क्लॅम्प. एका डायची कड ३० मिमी, दुसरीची ४५. मग टेकूला हाताशी येईल तो तुकडा, वर वायसर. सगळ्या डायची पकडायची कड एकाच जाडीची केली की टेकू, बोल्ट आणि पान्हा एकेकच लागतो. एम १६ ठरवला तर २४ चा पान्हा, एम २० ला ३० चा. बोल्ट डायच्या जवळ आणि टेकू लांब हवा. आम्हाला बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं दिसतं. तिथे बोल्टचा जोर टेकूवरच जातो आणि डाय चालता चालता सरकते.

डाय मधोमध बसवायला बोल्स्टरवर (प्रेसच्या खालच्या जाड प्लेटवर) दोन पिना आणि डायच्या प्लेटला त्यांच्या खाचा करा. टेपने मोजून हातोडीने सरकवणं थांबतं. डाय मध्यापासून बाजूला गेली तर रॅमवर तिरका लोड येतो आणि गाइड पिलर झिजतात.

वेळ वाचवायचा म्हणून सुरक्षा गाळायची नाही. मेन स्विच बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, एवढं झाल्यावरच हात आत. पहिला स्ट्रोक फ्लायव्हील हाताने फिरवून घ्या. गार्ड परत लावल्याशिवाय सेटिंग पूर्ण धरू नका.

पहिला पीस आणि शेवटचा पीस

डाय बसून तयार आणि इन्स्पेक्टर दुसऱ्या शेडमध्ये, हे नेहमीचं. महत्त्वाच्या २-३ मापांचं गो-नो गो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारं) प्रेसपाशीच ठेवा, सेटरला तपासायचा अधिकार लिहून द्या आणि इन्स्पेक्टरला बदलाची वेळ आधी कळवा.

लॉटचा शेवटचा पीस डायला तारेने बांधून टूलरूमला पाठवा. बर मर्यादेजवळ गेली असेल तर धार तेव्हाच लावून होईल. नाहीतर ती गोष्ट पुढच्या लॉटच्या सकाळी, डाय प्रेसवर चढल्यावर लक्षात येते. धार लावली की डायची उंची कमी होते. तेवढी शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून सेटिंग शीटवर नोंद करा, नाहीतर एकसारखी केलेली शट हाइट चार महिन्यांत परत विस्कटते.

‘स्मेड करून द्या’

अनेक ग्राहक हेच नाव घेऊन येतात. स्मेड म्हणजे ‘सिंगल मिनिट एक्स्चेंज ऑफ डाय’, जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांची डाय झटपट बदलायची पद्धत. बदल १० मिनिटांच्या आत आणायचा, असा त्या नावाचा अर्थ. १९६९ मध्ये टोयोटातल्या १,००० टनी प्रेसवर ४ तासांचा बदल आधी दीड तासावर आणि पुढे ३ मिनिटांवर आला. तो आकडा भिंतीवर लावून काम होत नाही. ५५ ची १८ मिनिटं बरीचशी ट्रॉली, पट्ट्या आणि क्लॅम्पमधून निघतात. त्याखाली जायला झटपट क्लॅम्प आणि रोलर लागतात. तो खर्च दिवसाला किती बदल होतात हे बघूनच करावा.

महिनाभर एकच जॉब चालणाऱ्या प्रेसवर यातलं काहीच करू नका. तसंच खरी अडचण पुढे वेल्डिंगला किंवा प्लेटिंगहून माल परत येण्यात असेल, तर प्रेस वेगवान करून फक्त बिन भरतील. अशा वेळी आम्ही हे काम घेत नाही, आधी तिकडचं बघतो.

पहिल्या भेटीसाठी डायची यादी (नंबर, शट हाइट, प्लेटची जाडी), मागच्या महिन्याचं प्रेसवार उत्पादन आणि रिजेक्शनची नोंद काढून ठेवा. नोंद नसेल तर आठवडाभर प्रेसवर एक वही टांगा आणि थांबली कधी, सुरू कधी, कशासाठी, एवढे तीनच रकाने आखा. पट्ट्या बसवायचं काम साप्ताहिक सुट्टीला ठरवू. भोसरी-चाकणकडच्या ग्राहकांनी त्यासाठी गुरुवार मोकळा ठेवावा.