सोबत बाळगायची वैद्यकीय नोंद

आपल्या प्रकृतीची महत्त्वाची माहिती रुग्णाने स्वतः जमवून, जाईल तेथे नेता येईल अशा रूपात जवळ ठेवली, तर तिला व्यक्तिगत वैद्यकीय नोंद म्हणतात. रुग्णालयातले कागद रुग्णालयात राहतात. ही नोंद माणसाबरोबर फिरते. पाकिटातले कार्ड, मनगटावरची पट्टी, कागदांची फाइल, मोबाइलमधले पान, यांपैकी कोणतेही रूप तिला चालते.

या नोंदीकडून दोन अगदी वेगळ्या अपेक्षा असतात. नव्या डॉक्टरांकडे जाताना मागचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचा तपशील असे सविस्तर कागद लागतात. माणूस बेशुद्ध असेल तेव्हा मात्र अर्ध्या मिनिटात वाचून होईल असे एकच पान उपयोगी पडते. दोन्ही कामे एकाच जाड फाइलवर सोपवली, की आणीबाणीत ती कोणी उघडत नाही. म्हणून पान वेगळे आणि फाइल वेगळी ठेवावी.

त्या एका पानावर पहिली जागा बहुतेक जण रक्तगटाला देतात. प्रत्यक्षात रक्त देण्यापूर्वी रुग्णालय रक्तगट नव्याने तपासते, आणि तेवढीही सवड नसेल तर ओ निगेटिव्हसारखे बहुतेकांना चालणारे रक्त देते. कार्डावरच्या रक्तगटावर विसंबून रक्त चढवत नाहीत. त्यामुळे रक्तगट लिहायला हरकत नाही, पण त्याच्या आधी तपासणीत सहज न दिसणाऱ्या गोष्टी यायला हव्यात. दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याचे उदाहरण घ्या. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडांच्या वरच्या लहान ग्रंथी, मंदावलेल्या असू शकतात. अपघात झाला किंवा शस्त्रक्रिया करावी लागली, तर शरीराला लागणारे वाढीव कॉर्टिसॉल हे संप्रेरक त्या पुरवू शकत नाहीत आणि रक्तदाब कोसळू शकतो. त्याची जागा घेणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर हा धोका टळतो, पण रुग्णाकडे नुसते पाहून हे कोणाला कळणार? ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २०२० मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र स्टेरॉइड कार्ड सुरू केले. रक्त पातळ करणारी औषधे, इन्सुलिन, फिट्स, काढून टाकलेली प्लीहा, आधीच्या शस्त्रक्रियेत भूल देताना आलेली अडचण या गोष्टीही याच पानावर असाव्यात.

औषधे लिहिताना कंपनीचे नाव पुरेसे नसते. एकाच औषधाची व्यापारी नावे देशागणिक बदलतात; म्हणून जागतिक आरोग्य संघटना औषधांना आंतरराष्ट्रीय मूळ नावे देते आणि १९५३ पासून त्यांच्या याद्या प्रसिद्ध करते. तरीही पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन आणि साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल म्हणतात. मूळ नाव, मिलिग्रॅममधील मात्रा आणि दिवसातून किती वेळा, या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

ॲलर्जीच्या बाबतीत औषधाच्या नावाइतकेच काय झाले होते तेही महत्त्वाचे. पेनिसिलिनने मळमळ झाली होती की घसा सुजून श्वास कोंडला होता, यावर पुढचा निर्णय ठरतो. नुसते ‘पेनिसिलिन चालत नाही’ असे लिहिले, तर साध्या मळमळीपायीही रुग्ण एका चांगल्या औषधाला आयुष्यभर मुकू शकतो.

मोठ्या फाइलमधील एक दुर्लक्षित कागद म्हणजे जुना ईसीजी, हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. छातीत दुखू लागल्यावर काढलेल्या ईसीजीत बदल दिसला, तर तो आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, हे जुन्या पट्टीशी ताडूनच कळते. ही पट्टी बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते आणि काही वर्षांत फिकी पडते. तिची झेरॉक्स किंवा फोटो लगेच काढून ठेवावा. पेसमेकर, स्टेंट, कृत्रिम सांधा बसवताना मिळालेले कार्डही जपावे, कारण एमआरआय करता येईल की नाही हे उपकरणाच्या मॉडेलवरून ठरते. तपासण्यांचे आकडे उतरवून घेताना एकक सोडू नये. रक्तातील साखर काही देशांत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर काही ठिकाणी मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. पहिल्यातले १८० म्हणजे दुसऱ्यातले १०.

या नोंदीच्या इतिहासात एका घरातली घटना महत्त्वाची ठरली. कॅलिफोर्नियातील डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीला १९५३ मध्ये धनुर्वाताच्या प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी झाली. ती बचावली, आणि हीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून तिच्या हातात माहिती कोरलेली साखळी आली. त्यातून १९५६ मध्ये मेडिकअलर्ट ही संस्था उभी राहिली. जपानमध्ये १९४८ पासून आई आणि मूल यांची एकत्र आरोग्यपुस्तिका आहे. गर्भारपण, बाळाचे वजन, लसी सारे तिच्यात असते आणि ती घरातच राहते. २००५ मध्ये इंग्लंडमधील रुग्णवाहिका कर्मचारी बॉब ब्रॉची यांनी जवळच्या माणसाचा क्रमांक मोबाइलमध्ये ठरावीक नावाने ठेवण्याची कल्पना मांडली. पुढे फोनला कुलूप लागू लागले आणि तो क्रमांक परक्याला दिसेना. २०१४ पासून आयफोनमध्ये कुलूप न उघडताही वाचता येणारे वैद्यकीय पान आले. अँड्रॉइडवरही अशी सोय असते, मात्र ती आपण भरावी लागते.

कुलपाबाहेरचे हे पान कोणीही वाचू शकते, म्हणून तेथे जीव वाचवायला लागेल तेवढेच द्यावे. मानसिक आजाराचा इतिहास किंवा गर्भपाताची नोंद सहसा आतल्या फाइलमध्ये राहू द्यावी. फोनची बॅटरी संपते, अपघातात काच फुटते, त्यामुळे पाकिटात कागदही हवाच.

पानाच्या डोक्यावर तारीख लिहावी आणि गोळी बदलली की त्याच दिवशी पान बदलावे. बंद झालेले रक्त पातळ करणारे औषध कार्डावर तसेच राहिले, तर ते वाचून निकडीची शस्त्रक्रिया लांबणीवर पडू शकते.