हेलेनिस्टिक संस्कृती

अलेक्झांडरच्या मृत्यूपासून (इ.स.पू. 323) सातव्या क्लिओपात्राच्या मृत्यूपर्यंतच्या (इ.स.पू. 30) काळात पूर्व भूमध्य प्रदेशापासून वायव्य भारतापर्यंत ग्रीक भाषा, कला व नगरजीवन स्थानिक परंपरांत मिसळून घडलेली संस्कृती. ही संज्ञा 19व्या शतकात जर्मन इतिहासकार योहान गुस्टाफ ड्रॉयझन याने रूढ केली. ग्रीकांनी दिले आणि इतरांनी घेतले, असा तिचा अर्थ लावणे मात्र एकांगी ठरते.

ही सरमिसळ सर्वत्र सारखी नव्हती. ईजिप्तमध्ये टॉलेमी या ग्रीक घराण्यातील राजांनी ओसिरिस व एपिस या ईजिप्शियन देवांच्या उपासनेतून सेरापिस हा देव पुढे आणला. त्याचे रूप झ्यूससारखे दाढीधारी असून डोक्यावर धान्य मोजण्याचे माप असे. देव असा जोडून घेतला, तरी प्रजेची भाषा शिकण्याची तसदी या घराण्यातील बहुतेकांनी घेतली नाही. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या मते ती क्लिओपात्राला येत होती. ज्यूंच्या जुडिया प्रदेशात तर सीरियाच्या ग्रीक सेल्युकिड घराण्यातील राजा चौथ्या अँटिओकसने जेरुसलेमच्या मंदिरात केलेल्या हस्तक्षेपातून मॅकाबी या ज्यू घराण्याचे बंड पेटले.

पूर्वेकडील चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. आजच्या अफगाणिस्तानात अमूदर्या व कोकचा नद्यांच्या संगमावरील आय-खानूम या प्राचीन नगरात नाट्यगृह, व्यायामशाळा आणि ग्रीसमधील डेल्फी या तीर्थक्षेत्राची नीतिवचने कोरलेला शिलालेख सापडला. तेथील मुख्य मंदिराची बांधणी मात्र मेसोपोटेमियन वळणाची आहे. 1970 मध्ये याच ठिकाणी अगाथोक्लीझ या ग्रीक राजाची सहा चांदीची नाणी मिळाली. भारतीय पद्धतीच्या या चौकोनी नाण्यांवर एका बाजूस नांगरधारी संकर्षण (बलराम) व ग्रीक लेख, तर दुसऱ्या बाजूस चक्रधारी वासुदेव व ब्राह्मी लेख आहे. ग्रीक राजाने आपल्या नाण्यावर भारतीय देव कोरून घ्यावेत, याला केवळ ‘ग्रीक संस्कृतीचा प्रसार’ म्हणता येत नाही. विदिशेजवळील बेसनगरचा गरुडस्तंभ याच प्रवाहातला असून, ग्रीक राजा अंतिअल्किदसचा तक्षशिलेहून आलेला दूत हेलिओडोरस त्यावरील ब्राह्मी लेखात स्वतःला ‘भागवत’ (वासुदेवाचा भक्त) म्हणवतो.

पुढे, हेलेनिस्टिक काळ सरल्यावर, कार्ले येथील बौद्ध चैत्यगृहाच्या काही खांबांवर धेनुकाकट येथील यवनांच्या (‘यवन’ हे ग्रीकांसाठीचे भारतीय नाव) दानाची नोंद झाली. ‘सिहधय’ यांसारखी त्यांची नावे पूर्णपणे भारतीय आहेत. ‘यवन’ हा शब्द वगळला, तर त्या लेखांत ग्रीक असे काहीच दिसत नाही.