सातारा-सांगलीतले फोटोग्राफी वर्कशॉप आणि मॉडेल शूट

लग्नाचे आणि पोर्ट्रेटचे फोटो काढणारे काही जण वर्गणी काढून एकत्र येतात, एखादी मॉडेल किंवा जोडपं, मेकअप आर्टिस्ट, लाईट आणि जागा ठरवतात आणि दिवसभर शूट करतात, त्याला ग्रुप वर्कशॉप नाहीतर मॉडेल शूट म्हणतात. वर्कशॉपमध्ये शिकवणारा एक सीनियर असतो, सकाळी थिअरी आणि दुपारनंतर प्रॅक्टिकल, तर नुसत्या मॉडेल शूटमध्ये शिकवणं वगैरे फारसं नसतं, सेटअप तयार, या आणि फोटो काढा. सातारा आणि सांगली जिल्ह्यात हे दोन्ही प्रकार चालतात, कधी तालुक्याच्या फोटोग्राफर संघटनेतर्फे, कधी कॅमेरा किंवा लाईट विकणाऱ्या कंपनीच्या डेमोच्या नावाखाली, आणि बऱ्याचदा नुसतंच व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरवून.

पूर्वी ही भानगडच नव्हती. स्टुडिओत पोरगा म्हणून लागायचं, दोन-तीन वर्षं लाईटची छत्री धरायची, रीळ भरायचं, डार्करूममध्ये हात काळे करायचे, मग कधीतरी मालक म्हणायचा की आज मुंज तू कर. छत्तीस फ्रेमच्या रिळात प्रयोग करायला कुणी देत नव्हतं. डिजिटल आल्यावर फ्रेम फुकट झाली, कँडिड (नकळत टिपलेल्या) फोटोंची आणि प्री-वेडिंगची मागणी गावोगाव पोचली, पण शिकायची जुनी वाट बंद पडली, कारण आता जो तो स्वतःचा कॅमेरा घेऊन थेट धंद्यात. वर्कशॉपनी ती जागा भरली, पूर्ण नाही, थोडी.

कधी भरतात

लग्नाच्या तिथींवर सगळं अवलंबून. तुळशीविवाह झाला की सीझन सुरू, मग फोटोग्राफरला सलग दोन दिवस घरी जेवायला मिळत नाही, आणि आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागला की कॅमेरे कपाटात. हल्ली काढीव मुहूर्तांवर चातुर्मासातही लग्नं होतात पण मोजकीच. म्हणून वर्कशॉप आषाढ ते आश्विन या काळात दाटीनं होतात. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, असलं वर्ष धंद्याला वाईट पण शिकायला निवांत. १९ ऑगस्टचा जागतिक फोटोग्राफी दिनही (१८३९ मध्ये त्या दिवशी फ्रान्समध्ये डॅगेरोटाइपची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवायची, पद्धत जाहीर केली होती) याच मोकळ्या काळात पडतो, त्यामुळं संघटनांचे कार्यक्रम त्या आसपास ठरलेलेच.

अडचण एकच, पाऊस. महाबळेश्वर, वाई, पाटणकडं जुलै-ऑगस्टमध्ये आउटडोअर ठरवणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. म्हणून शहाणे आयोजक सरळ रिकामं मंगल कार्यालय घेतात. ऑफ सीझनला ते स्वस्तात मिळतं, आणि तसं बघायला गेलं तर शिकायला याच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण खरं काम तिथंच करायचंय. छताला पिवळे बल्ब, स्टेजवर जांभळे-निळे पार लाईट (रंगीत स्टेज दिवे), मागं एलईडी वॉल, एका बाजूच्या दारातून येणारं दुपारचं ऊन, म्हणजे एका चेहऱ्यावर चार रंगांचा उजेड. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, शटर १/१०० किंवा १/५० सेकंद उघडं ठेवलं तर ते दिसत नाही पण १/५०० केलं की फोटोत आडवे पट्टे. हे पुस्तकात वाचून कुणाच्या लक्षात राहत नाही, स्क्रीनवर पट्टे दिसले की जन्मभर राहतं.

शिकवतात काय

लाईट. बाकी सगळं त्याच्या भोवती. दिवा मॉडेलपासून १ मीटरवरून २ मीटरवर नेला की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढं लावायची पांढऱ्या कापडाची पेटी) जवळ आणला तर उजेड मऊ पण मागची भिंत काळी, लांब नेला तर भिंत दिसते पण सावली कडक. एवढं एक गणित हाताला बसलं तरी फीचे पैसे वसूल.

दुसरं म्हणजे भर उन्हात फ्लॅश. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १०० आणि लेन्सचं भोक एफ/२.८ ठेवलं तर कडक उन्हाला साधारण १/३२०० शटर लागतं, आणि बहुतेक कॅमेऱ्यांची फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात वेगवान शटर, १/२०० किंवा १/२५० ला अडते. मग एकतर हाय स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) वापरा, त्यात फ्लॅशची ताकद बरीच खर्च होते, किंवा लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा आणि १/२०० वर या. पहिल्यांदा येणारी पोरं इथं हमखास अडकतात, अर्धी फ्रेम काळी येते आणि दोष ट्रिगरला, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणाऱ्या डबीला.

पण या भागातल्या वर्कशॉपचा खरा माल नवरीच्या पेहरावात आहे, आणि बाहेरून आलेले मोठ्या शहरातले मेंटॉर, म्हणजे शिकवणारे सीनियर, तिथंच कमी पडतात असं माझं स्पष्ट मत. समोरून फ्लॅश मारला की शालूवरची जर (सोनेरी तारेचं काम) पांढरीफट्ट होते, सगळी नक्षी जाते, दिवा बाजूला ४५ अंशावर नेला की जर उठून दिसते. नथ तर महाबिलंदर. दिवा थोडा जास्त वर गेला की मोत्यांच्या झुबक्याची सावली थेट वरच्या ओठावर, आणि फोटोत ती मिशीसारखी दिसते, नवरीला ते दिसलं की अल्बम परत. दिवा डोळ्यांच्या जरासा वर, नथ ज्या बाजूला नाही त्या बाजूनं नव्हे तर नथीच्याच बाजूनं थोडा पुढून आणून बघायचा, सावली कुठं सरकते ते पाहत पाहत. मुंडावळ्यांचंही तेच, बाजूच्या उजेडात त्यांच्या सरी गालावर रेघा ओढतात. हळदीच्या शूटला पिवळी साडी, पिवळा मांडव आणि अंगावर हळद, हा सगळा पिवळा हनुवटीखाली परत उसळतो, आणि कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) तो कमी करायला जातो आणि कातडी निळसर करून ठेवतो. केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, हातानं लावायचं, ५५०० च्या आसपास, आणि हळद हळदीसारखी दिसू द्यायची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, निदान सांगलीत तरी तिचा रंग चुकू नये.

एक मॉडेल, दहा कॅमेरे

ग्रुप शूटची अडचण इथं असते. स्टुडिओ फ्लॅश एका वेळी एकाच कॅमेऱ्याबरोबर उडतो. सगळ्यांचे ट्रिगर एकाच चॅनेलवर असले तर मी दाबायच्या वेळी शेजारच्यानं दाबलेलं असतं आणि फ्लॅश चार्ज होत बसतो, माझी फ्रेम काळी. म्हणून नंबर लावतात, एक ट्रिगर हातोहात फिरतो, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. नंबर मोडला की कटकट, आणि मागून आयफोन काढून व्हिडिओ करणारा एक जण असतोच. यावर उपाय म्हणून कंटिन्युअस, म्हणजे सतत पेटते, एलईडी लावतात, सगळे एकदम शूट करू शकतात, पण मग ज्याला फ्लॅश शिकायचा होता तो कोराच परत जातो. एका मॉडेलमागं आठ-दहाच्या वर माणसं घेतली तर ते वर्कशॉप राहत नाही, जत्रा होते. फी घेऊन चाळीस जण घेणारे आयोजक आहेत, नाही असं नाही.

नजरेचाही प्रश्न. मॉडेलनं बघायचं कुणाकडं? चांगला मेंटॉर नाव घेऊन सांगतो की आता डोळे याच्याकडं, बाकीच्यांनी प्रोफाइल (बाजूनं चेहरा) घ्या नाहीतर डिटेल घ्या, मेंदी, चुडा, पैंजण. ज्या फोटोत मॉडेल कॅमेऱ्याच्या जरा बाजूला कुणाकडं तरी हसतेय तो ग्रुप शूटचा आहे हे जाणकार लगेच ओळखतो.

मॉडेल म्हणजे इथं बहुतेक वेळा कॉलेजची मुलगी किंवा ब्युटी पार्लरच्या ब्रायडल क्लासची मॉडेल. मेकअप आर्टिस्टला तिच्या कामाचे फोटो हवेत, फोटोग्राफरला चेहरा हवा, मुलीला पोर्टफोलिओ हवा, त्यामुळं पुष्कळदा पैशांऐवजी फोटोंवरच व्यवहार. चालतं, फक्त किती फोटो आणि कधी मिळणार ते आधी ठरलेलं पाहिजे, नाहीतर ती बिचारी तीन महिने सगळ्यांना मेसेज करत बसते. कपडे बदलायला बंद खोली, सोबत घरचं कुणीतरी, आणि पोज दाखवताना हात न लावता तोंडानं सांगणं किंवा स्वतः करून दाखवणं, हे नियम आता बऱ्याच ठिकाणी पहिल्याच सेशनला सांगतात.

आणि एक मोठी मर्यादा. मॉडेलला उभं राहायला येतं. हनुवटी कुठं, खांदा कुठं, सांगायच्या आधी तिचं झालेलं असतं. खऱ्या लग्नात नवरी पहाटे चारला उठलेली, उपाशी, मामा हाक मारतोय, भटजी घाई करतायत, आणि नवरदेवाला लाजेनं तिच्याकडं बघवत नाही. तिथं लाईटपेक्षा बोलणं लागतं. त्यामुळं ज्या वर्कशॉपमध्ये मॉडेलऐवजी एखादं साधं, नुकतं लग्न ठरलेलं जोडपं आणतात, ते जास्त शिकवून जातं. फोटो तितके झगमगीत येत नाहीत, म्हणून जाहिरातीला चालत नाहीत, म्हणून अशी वर्कशॉप कमी.

जागा

साताऱ्यात पहिली पसंती वाईजवळच्या मेणवलीला. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट, घाटावर ती वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, पोर्तुगीज चर्चमधून आणलेली घंटा. सकाळी लवकर गेलं तर काळ्या दगडावर मऊ उजेड आणि माणसं नाहीत, उशीर केला की धुणं धुणाऱ्या बायका आणि पर्यटक दोन्ही फ्रेममध्ये. वाडा खाजगी, आत शूट करायचं तर परवानगी आधी.

लिंब गावची बारा मोटेची विहीर फोटोग्राफरांना फार आवडते. १७१९ ते १७२४ दरम्यान बांधलेली, सुमारे ११० फूट खोल, आत कमानी आणि छोटा महालच. उजेड वरून एकाच बाजूनं खाली उतरतो, कमानीत मॉडेल उभी केली की नैसर्गिक सॉफ्टबॉक्स तयार. पण पायऱ्या, ओल आणि लांब घेराचा लेहंगा ही जोडी धोक्याची, पंधरा जणांचा घोळका घेऊन खाली उतरू नये.

कास पठाराबद्दल सांगायचं तर नको. २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात असलेल्या पश्चिम घाटाचा तो भाग, फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर सुरुवातीपर्यंत, प्रवेश वनखातं आणि स्थानिक समितीच्या नियमांनी. फुलांत बसून पोज म्हणजे त्या जागचं पुढच्या वर्षीचं बी तुडवणं. पाचगणीच्या टेबल लँडवर वारा असा की सॉफ्टबॉक्सचं शीड होतं आणि स्टँडसकट उडतो, वाळूच्या पिशव्या नेल्याशिवाय जाऊ नये. ड्रोन उडवायचा तर २०२१ चे ड्रोन नियम आहेत, सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटच्या नकाशात झोन बघून घ्यावा.

सांगलीकडं डोंगर नाहीत अशी तक्रार करणारे हरिपूरला गेलेले नसतात. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, वाटेवर चिंचेची जुनी झाडं, संध्याकाळी नदीवरून येणारा तिरपा उजेड. १९२९ चा आयर्विन पूल मागं धरून प्री-वेडिंग करायची तर आता जवळजवळ रीतच. पण पोर्ट्रेटवाल्यांसाठी सांगली जिल्ह्याचं खरं वैभव मिरज. सतारमेकर गल्लीतली दुकानं, भोपळे टांगलेले, दारातून येणारा एकाच बाजूचा उजेड आणि तारा जुळवताना कान लावून बसलेला कारागीर, इथं दिवाच लागत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मिळाल्यापासून कॅमेरे जरा जास्तच वळतात. घोळक्यानं जायचं नाही, दोघा-तिघांनी जायचं, आधी अर्धा तास बसायचं, कॅमेरा नंतर. कारागीर कामात आहे, मॉडेल नाही, आणि प्रिंट नेऊन द्यायची म्हणजे द्यायची.

हक्क आणि पोर्टफोलिओ

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक काढून घेणारा, म्हणजे लग्नाच्या फोटोंचा हक्क बहुतेक वेळा त्या घरचा. हे ऐकून अर्धे फोटोग्राफर दचकतात. वर्कशॉपमध्ये उलट, तिथं फोटो कुणी सांगून काढून घेतलेला नसतो, म्हणून हक्क काढणाऱ्याचा. पण चेहरा मॉडेलचा, त्यामुळं जाहिरातीला, होर्डिंगला वापरायचा तर तिची सही घेतलेला रिलीज फॉर्म (फोटो वापरायची लेखी परवानगी) हवा, अठराच्या आतली असेल तर पालकाची सही.

भांडण खरं तर दुसरीकडंच आहे. सेटअप मेंटॉरचा, लाईट त्याचा, पोज त्यानं दिलेली, आणि संध्याकाळी तोच फोटो दहा जणांच्या पेजवर "आमचं लेटेस्ट वेडिंग" म्हणून. गिऱ्हाईक तो बघून बुकिंग करतं आणि लग्नात मिळतं भलतंच. काही आयोजक आता आधीच अट घालतात की पोस्टखाली वर्कशॉपचा उल्लेख, मॉडेल आणि मेकअप आर्टिस्टचं नाव टाकायचंच. पाळतात किती, ते वेगळं. फोटोग्राफर ठरवणाऱ्या घरच्यांनी पेजवरचे निवडक दहा फोटो बघण्यापेक्षा एखाद्या खऱ्या लग्नाचा अख्खा अल्बम मागावा, हळदीपासून पाठवणीपर्यंत, त्यात जेवणाच्या पंगतीचे आणि म्हाताऱ्या आजीचे फोटो कसे आलेत ते बघावं.