लाल रेघेतून निसटणाऱ्या चुका

मजकूर प्रसिद्ध करण्याआधी आपण तो एकदा वाचतो, शब्दांखाली संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीची लाल रेघ नाही हे बघतो आणि मोकळे होतो. तरी चूक राहतेच, कधी कधी तर थेट मथळ्यात. याला सरसकट निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही, उड्या मारत जातो. एकेका ठिकाणी तो जेमतेम पाव सेकंद थांबतो आणि तेवढ्यात दृष्टीच्या मध्यभागचा सुमारे 2 अंशांचा भागच अगदी स्पष्ट दिसतो. बाकीचं मेंदू अंदाजाने भरून काढतो. स्वतःच्या लिखाणात पुढे काय आहे ते आधीच ठाऊक असतं, त्यामुळे गाळलेला काना तिथे असल्यासारखाच वाचला जातो.

संगणकाला असा अंदाज नसतो. तो शब्द यादीत शोधतो. सापडला नाही तर जवळचे शब्द सुचवतो. 1964 मध्ये संगणक संशोधक फ्रेडरिक डॅमेरो यांनी दाखवलं, की 80 टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर गळणं, एक जास्तीचं येणं, एक बदलणं किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. हा हिशेब इंग्रजीचा. मराठीत तो डळमळतो. 'आशीर्वाद'चा 'आर्शिवाद' झाला तर आपल्याला एक सरकलेला रफार आणि एक बदललेली वेलांटी दिसते. संगणक मात्र रफारातला र आणि हलन्त वेगळे मोजतो, म्हणून त्याच्या लेखी हे शब्द चार बदलांइतके लांब पडतात.

यादीचाही प्रश्न आहेच. 'फूल' घातलं तरी फुलाला, फुलांवर, फुलांमधल्या ही रूपं उरतातच, आणि त्यांत पहिला उकार ऱ्हस्व होतो. लास्लो नेमेथ यांनी असंच प्रत्ययांवर प्रत्यय चढवणाऱ्या हंगेरियनसाठी हनस्पेल हे शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर घडवलं. त्यात मूळ शब्द आणि प्रत्ययांचे नियम वेगळे ठेवता येतात. मराठीला हीच वाट सोयीची.

एक चूक तर डोळ्याला दिसूच शकत नाही. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणसूचीत, 2008 साली आलं. त्याआधी 'अ' टंकून त्यावर चंद्र द्यावा लागे, आणि अजूनही काही जण तसंच करतात. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखीच दिसतात, पण संगणकासाठी ती वेगळी आहेत; एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. इथे यंत्रावरच भिस्त ठेवावी लागते.

उलट 'दीन'च्या जागी 'दिन' पडलं तर यंत्र गप्प राहतं, कारण दोन्ही शब्द यादीत आहेत. मजकूर मोठ्याने वाचून घेतला तर गळलेले आणि दोनदा आलेले शब्द लगेच कळतात, पण ही वेलांटी कानालाही कळत नाही, कारण बोलताना दोन्हींचा उच्चार जवळपास सारखाच होतो. तिच्यासाठी मी टंक (फॉन्ट) बदलून शेवटच्या वाक्यापासून उलटं वाचायला सांगेन. अर्थाचा धागा तुटला की अंदाज थांबतो आणि डोळा एकेका शब्दावर टिकतो.