बेडीचं दुसरं कुलूप

बेडी जितकी आवळावी तितका आरोपी पक्का, असा सर्वसाधारण समज. मुळात बेडी आवळून धरतच नाही. मनगटापेक्षा पंजा रुंद असतो, म्हणून हात कड्यातून निघत नाही. त्यामुळे कडं आणि कातडी यांच्यात बोटाचं टोक शिरेल एवढी फट ठेवूनच ती घालायची असते.

कड्याची एक बाजू स्थिर, दुहेरी पट्टीची. दुसरी बिजागरीवर फिरते आणि तिच्या बाहेरच्या कडेला करवतीसारखे तिरके दाते असतात. स्थिर बाजूच्या पोटात स्प्रिंगवर एक दातेरी खटका बसवलेला असतो. फिरती बाजू आत ढकलली की दाते खटका उचलत टकटक पुढे जातात. मागे ओढली की दातात दात अडकतो. मनगटाप्रमाणे कमीजास्त होणाऱ्या अशा कड्याचं अमेरिकन पेटंट १८६२ चं, ॲडम्स यांचं. त्याआधीच्या ठरावीक मापाच्या बेड्या जाड मनगटाला रुतायच्या, बारीक मनगटातून निसटायच्या.

गोम इथेच आहे. खटका मागे जाऊ देत नाही, पण पुढे बिनदिक्कत जाऊ देतो. हात पाठीमागे बांधून गाडीत बसवलं, आरोपी हातांवर रेलला की कडं एकेक दाता घट्ट होत जातं. अंगठ्याच्या बाजूला हाडावरून, अगदी कातडीखालून जाणारी रेडियल नसेची शाखा दबते. अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या येतात, बधिरपणा कधीकधी काही आठवडे टिकतो.

म्हणून दुसरं कुलूप. किल्लीवरचं छोटं टोक कड्यावरच्या भोकात दाबलं की आतली पट्टी सरकून खटक्याला जखडते. मग कडं ना घट्ट होत, ना सैल. पातळ पत्रा सारून खटका उचलायची युक्तीही चालत नाही. उघडताना किल्ली आधी उलटी फिरवून पट्टी सोडवायची, मग सुलटी फिरवून खटका उचलायचा. घाईत पहिली पायरी विसरून जोर लावला की किल्लीचा दात वाकतो.

घालताना तळवे बाहेरच्या बाजूला, किल्लीचं भोक बोटांपासून लांब. आणि बेड्या घातलेल्या माणसाला पालथं पडू द्यायचं नाही, श्वास कोंडतो. लगेच कुशीवर वळवून बसवायचं.

कायद्याचा खटका वेगळा. सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये सरसकट बेड्यांना नकार दिला. १९९५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक ठरवली. बडोद्याहून जवळच्याच नडियादमध्ये १९८९ साली पोलिसांनी खुद्द मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनाच बेड्या घालून दोरखंडानं बांधलं होतं. १९९१ मध्ये संबंधित पोलिसांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३(३) सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, दहशतवाद, संघटित गुन्हेगारी, अमली पदार्थ अशा प्रकरणांत अटक करताना किंवा कोर्टात हजर करताना बेड्या घालायची मुभा देतं. मुभा, सक्ती नव्हे. बडोद्यातल्या मांडवीच्या गर्दीत पहिल्यांदाच सापडलेला एकटादुकटा पाकीटमार त्या यादीत बसत नाही.