शहराचा बर्फ जातो कुठे?

रात्रीचे दोन वाजलेले असतात. बाहेर पारा उणे बारावर. गल्लीच्या टोकाकडून दोन सुरांचा भोंगा ऐकू येतो, एक चढा, एक उतरता, पुन्हा चढा. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये चार हिवाळे काढलेला माणूस हा आवाज गाढ झोपेतही ओळखतो आणि अंथरुणातून ताडकन उठतो. आपली गाडी कुठे लावली होती? फुटपाथलगतच्या बर्फात रोवलेली नारिंगी पाटी आपण वाचली होती ना? भोंगा टोइंग ट्रकचा असतो. गाड्या हलवा, बर्फ उचलणारे येतायत, एवढाच त्याचा निरोप. गाडी हलवली नाही तर ती उचलून जवळच्या दुसऱ्या गल्लीत नेऊन ठेवतात आणि वर दंड बसतो.

पाठोपाठ सगळा ताफा येतो. फुटपाथवरून चालणारी छोटी पट्ट्यांची गाडी तिथला बर्फ रस्त्यावर ढकलते. मोठाली पाती लावलेली यंत्रं तो ओळीने एका लांबलचक ढिगात गोळा करतात. मग स्नोब्लोअर तो ढीग गिळत पुढे सरकतो आणि नळीतून बाजूने चालणाऱ्या डम्परमध्ये फेकतो. डम्पर भरला की पुढे जातो, मागचा त्याची जागा घेतो. ब्लोअर शक्यतो थांबत नाही. या धबडग्यात माझी नजर दर वेळी एकाच गोष्टीवर जाते. एवढ्या अजस्र यंत्राच्या पुढे चमकणारं जॅकेट घातलेला एक माणूस पायी चालत असतो. बर्फाच्या ढिगात मुलं बोगदे करून खेळतात. ढिगात कुणी नाही ना, हे पाहणं त्याचं काम. अर्ध्या तासात गल्ली डांबरापर्यंत साफ होते.

हे सगळं कशासाठी, हा प्रश्न आपल्याकडून आलेल्या माणसाला पडतोच. मुंबईत पाऊस कितीही कोसळला तरी उतार मिळाला की पाणी आपल्या पायांनी समुद्राला जाऊन मिळतं. बर्फाला पाय नाहीत. तो पडतो तिथेच बसतो, दाबला की घट्ट होतो, आणि त्याच्यावर पुढचा थर पडतो. माँट्रियलमध्ये हिवाळाभरात सरासरी १९० सेंटीमीटर, म्हणजे उंचापुऱ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल इतका बर्फ पडतो. डिसेंबरचा बर्फ आपोआप जायला मार्च-एप्रिल उजाडतो. रस्त्याच्या कडेला नुसता ढकलत राहिलात तर फेब्रुवारीपर्यंत दोन्ही बाजूंचे ढीग एकमेकांना भेटायला येतात आणि मधून रुग्णवाहिका जात नाही. म्हणून बर्फ बाजूला सारून भागत नाही, तो शहरातून उचलून न्यावा लागतो. रस्ते आणि फुटपाथ मिळून सुमारे १०,००० किलोमीटर, वर्षाला उचललेला बर्फ साधारण १ कोटी २० लाख घनमीटर, डम्परच्या खेपा तीन लाखांच्या घरात. जगातल्या फार थोड्या शहरांना एवढा खटाटोप करावा लागतो.

पण उचलणं ही शेवटची पायरी. पहिली पायरी मिठाची.

बर्फ पडायला लागला, किंवा पडणार असं दिसलं, की मीठ टाकणाऱ्या गाड्या निघतात. आपल्या डोळ्यांसमोर मीठ म्हटलं की मिठागरं येतात, पण हे मीठ खाणीतलं. सेंट लॉरेन्सच्या आखातातल्या मॅग्डलेन बेटांवर आणि ह्युरॉन सरोवराच्या काठी गॉडरिच इथे अशा मोठ्या खाणी आहेत. गॉडरिचची खाण तर सरोवराच्या तळाखाली अर्धा किलोमीटर खोल आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ आज रस्त्यावर येतं.

मिठाने बर्फ वितळतो हे आपल्याला नवं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्यांनी हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आइस्क्रीम केलं आहे, त्यांना आठवत असेल: लाकडी बादलीत बर्फ आणि जाडं मीठ थराथराने भरायचं. बर्फ वितळायचा, आणि तरीही ते खारं पाणी इतकं गार व्हायचं की बोट बुडवलं तर चटका बसल्यासारखं वाटायचं. रस्त्यावर तेच रसायन, फक्त हेतू उलटा.

बर्फ आणि पाणी जिथे एकमेकांना भिडतात तिथे रेणूंची सतत ये-जा चालू असते. काही रेणू बर्फातून सुटून पाण्यात येतात, काही पाण्यातून बर्फाच्या जाळीत जाऊन बसतात. शून्य अंशाला दोन्हींचा हिशोब बरोबरीत असतो. पाण्यात मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइडचे कण तिथे गर्दी करतात. बर्फाच्या जाळीत त्यांना जागा नाही, पण त्यांच्या गर्दीमुळे बर्फाकडे परतणारे पाण्याचे रेणू कमी होतात. सुटणारे मात्र सुटतच राहतात. हिशोब पुन्हा बरोबरीत यायला तापमान आणखी खाली जावं लागतं. म्हणजेच गोठणबिंदू उतरतो. साध्या मिठाने तो जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत उतरवता येतो.

तेही कागदावर. थंडी वाढत गेली की मिठाची ताकद भराभर ओसरते. उणे एक अंशाला एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवू शकतं. उणे सातच्या आसपास तेच मीठ साडेआठ किलोंवर येतं, उणे बाराला पाच किलोंवर. शिवाय थंडीत वितळण्याचा वेगही मंदावतो. म्हणून पारा फार खाली गेला की मीठ टाकणं म्हणजे पैसा आणि पाणी दोन्ही नासणं. तेव्हा बारीक खडी टाकतात. खडी काहीच वितळवत नाही, ती पायाला आणि टायरला फक्त पकड देते. वसंतात माँट्रियलच्या प्रत्येक घराच्या दारात बुटांच्या तळव्यांतून आलेली ही खडी कचकचत असते आणि चामड्याच्या बुटांवर मिठाची पांढरी नागमोडी रेघ उठलेली असते. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड हे क्षार साध्या मिठाहून जास्त थंडीत चालतात, पण महाग पडतात. काही शहरं खाऱ्या पाण्यात बिटाच्या साखर कारखान्यातून निघालेला चिकट रस मिसळतात, त्याने मीठ रस्त्याला धरून राहतं.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते सगळ्या शास्त्राचं मर्म तिच्यात आहे. मीठ सगळा बर्फ वितळवायला टाकतच नाहीत. ते टाकतात बर्फ आणि डांबर यांची गट्टी फोडायला. चाकांखाली दाबला गेलेला बर्फ डांबराच्या खाचाखोचांत गोठून बसला की पोलादी पातंही त्याच्यावरून घसरत जातं. तळाशी खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा असेल तर तोच थर पात्याने सहज सुटतो. तव्याला आधी तेल लावलं की धिरडं उलथण्याने अलगद निघतं. लावलं नाही तर खरवडत बसावं लागतं. म्हणूनच बर्फ पडण्याआधीच रस्त्यावर खाऱ्या पाण्याच्या रेघा ओढून ठेवण्याची पद्धत अनेक शहरांत रुळली आहे. कोरडं मीठ रस्त्यावर उड्या मारत कडेच्या मातीत जातं. तेच आधी ओलं केलं तर जागच्या जागी बसतं आणि कमी लागतं. आणि निर्णय घेताना हवेपेक्षा रस्त्याचं तापमान महत्त्वाचं. हवा दोन अंशांवर असतानाही निरभ्र रात्री रस्ता शून्याखाली गेलेला असतो. पुलांचं तर विचारूच नका, त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो. असा रस्ता नुसता ओला दिसतो. दिसत नाही तो त्याच्यावरचा पारदर्शक बर्फ, ज्याला सगळे ब्लॅक आइस म्हणतात.

अडीच सेंटीमीटर साचला की पाती लावलेल्या गाड्या निघतात. आधी मोठे रस्ते, बसचे मार्ग, इस्पितळांकडे जाणाऱ्या वाटा, मग गल्ल्या. दहा-पंधरा सेंटीमीटर झाला की उचलायला सुरुवात. अमेरिकेतल्या अनेक शहरांत घरासमोरचा फुटपाथ साफ करणं घरमालकाच्या अंगावर असतं. माँट्रियलमध्ये ते महापालिकाच करते. मला हे फार मोलाचं वाटतं. बाबागाडी ढकलणाऱ्या बाईला, काठी टेकत बसस्टॉपवर जाणाऱ्या आजोबांना रस्त्यापेक्षा फुटपाथची गरज जास्त.

ज्याच्यावाचून हे उचलणं शक्यच झालं नसतं तो स्नोब्लोअर इथल्याच एका माणसाच्या डोक्यातून निघाला. आर्थर सिकारने शेतातलं मळणीयंत्र पाहिलं: फिरती पाती पीक आत ओढतात, दुसऱ्या टोकाने फेकतात. हेच बर्फाचं का करू नये? अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९२५ मध्ये त्याचं यंत्र चालू लागलं आणि १९२७ मध्ये माँट्रियलला लागून असलेल्या उट्रमाँ गावाने ते विकत घेतलं.

तरीही काही वादळं सगळे आडाखे मोडतात. ४ मार्च १९७१ला एका दिवसात चाळीस सेंटीमीटरच्या वर बर्फ आणि ताशी शंभर किलोमीटरहून जोरदार वारा आला, तेव्हा शहर अक्षरशः गाडलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चार दिवसांत दोन वादळं मिळून ७० सेंटीमीटरहून जास्त बर्फ पडला. तो उचलायला आठवड्याहून जास्त लागला, आणि आपल्या गल्लीचा नंबर कधी लागणार या चिंतेत लोक खिडकीशी बसून राहिले. गोठता पाऊस त्याहून वाईट. पाण्याचे थेंब शून्याखाली जाऊनही द्रवच राहतात आणि कशालाही टेकले की तत्क्षणी काच होऊन बसतात. जानेवारी १९९८ मध्ये असा पाऊस पाच-सहा दिवस पडत राहिला. बर्फाच्या वजनाने विजेचे पोलादी मनोरे वाकले आणि क्वेबेक प्रांतातल्या सुमारे १४ लाख ग्राहकांची वीज गेली.

आता मूळ प्रश्न. डम्पर भरला, पुढे काय?

पूर्वी उत्तर सोपं होतं: नदीत टाका. सेंट लॉरेन्स एवढी मोठी नदी, तिला काय होतंय! पण रस्त्यावरच्या बर्फात मीठ असतं, तेल, टायरचा चुरा, शिसं, जस्त, कुत्र्यांची घाण, कॉफीचे कप, हातमोजे. ते थेट नदीत टाकणं विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झालं.

जाळून टाकावा तसा वितळवून का टाकत नाहीत, असं मला अनेकांनी विचारलं आहे. हिशोब करून पाहू. शून्य अंशावरचा एक टन बर्फ नुसता पाणी करायला ९३ युनिट वीज लागते. उचललेल्या बर्फाचं वजन घनमीटरला ४०० किलो धरलं तर वर्षाचा बर्फ सुमारे ४८ लाख टन होतो. वितळवायला जवळपास ४५ कोटी युनिट. महिन्याला २०० युनिट जाळणारी पावणेदोन-दोन लाख घरं एवढ्यात वर्षभर चालतील.

मात्र शहरात फुकटची उष्णता असते, आणि ती आपल्या पायाखालून वाहते. घराघरांतलं आंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं पाणी हिवाळ्यातही बऱ्यापैकी कोमट असतं. माँट्रियलमध्ये ठिकठिकाणी रस्त्याखालच्या मोठ्या सांडपाणी वाहिन्यांवर तोंडं करून ठेवली आहेत. डम्पर तिथे ओततो, खाली वाहणारं पाणी बर्फ वितळवून घेऊन जातं. दहा लिटर पाणी आठ अंशांनी गार झालं की एक किलो बर्फ वितळतो. सकाळी मी अंगावर घेतलेल्या गरम पाण्याचा तांब्या दुपारी कुठेतरी बर्फ वितळवत असतो, हा विचार मला थंडीत फार उबदार वाटतो. पण वाहिनीच्या पोटालाही मर्यादा आहे, फार ओतलं तर ती तुंबते.

उरलेला बर्फ मोकळ्या जागी ढीग करून ठेवतात. त्यातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे सां-मिशेल वस्तीतली फ्रँकॉन खाण. शहराच्या इमारतींना आणि रस्त्यांना जो चुनखडीचा दगड लागला त्यातला बराच इथून निघाला. खाणकाम थांबलं, भलामोठा खड्डा उरला. १९६०च्या दशकात इथेच एक नवं, पिवळसर खनिज सापडलं होतं. माँट्रियलमध्येच जन्मलेले भूवैज्ञानिक विल्यम लोगन यांच्यावरून त्याचं नाव वेलोगॅनाइट ठेवलं. आज त्याच खड्ड्यात कड्यावरून एकामागून एक डम्पर बर्फ ओततात. शहराच्या उचललेल्या बर्फातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त एकट्या या खाणीत जातो. वितळलेलं पाणी मलशुद्धीकरण केंद्राकडे वळवलं जातं. गाळ, कचरा, तेल तिथे बरंचसं अडतं.

मीठ अडत नाही. विरघळलेलं क्लोराइड गाळणीत सापडत नाही, तळाशी बसत नाही, जंतू त्याला खात नाहीत. एकदा रस्त्यावर टाकलं की ते मातीत, विहिरीत, ओढ्यात, सरोवरात कुठेतरी राहतंच. कॅनडात वर्षाला सुमारे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडतं. २००१ मध्येच तिथल्या सरकारी पाहणीने ते पर्यावरणाला घातक ठरवलं आणि २००४ मध्ये वापराचे नियम सुचवले. मोठ्या नदीत ते विरून जातं, लहान सरोवरांत नाही. खारं पाणी जड, म्हणून तळाशी जाऊन बसतं. वसंतात वरचं-खालचं पाणी घुसळलं जायला हवं ते होत नाही, आणि तळाला प्राणवायू पोचत नाही. क्लोराइड दीर्घकाळ लिटरला १२० मिलिग्रॅमच्या वर राहिलं तर नाजूक जलचर टिकत नाहीत, असं कॅनडाचंच मानक सांगतं.

पुलांनाही त्याने सोडलेलं नाही. काँक्रीटमध्ये सळईवर एक संरक्षक थर असतो. क्लोराइड तो फोडतं, सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट सोलून काढते. मुंबईत समुद्रकाठच्या जुन्या इमारतींच्या स्लॅबचे पोपडे पडतात त्यामागे हेच क्लोराइड असतं. माँट्रियलचा जुना शाँप्लेन पूल १९६२ मध्ये खुला झाला. त्याची रचना करताना मिठाच्या पाण्याचा निचरा कसा होणार याचा विचार झाला नव्हता. साठीही गाठायच्या आत, २०१९ मध्ये त्याच्या जागी नवा पूल उभा करावा लागला.

जुलैमध्ये माँट्रियलला पारा तिशीपलीकडे जातो, लोक अर्ध्या चड्ड्यांत फिरतात. त्या दिवसांत फ्रँकॉनच्या कड्यावरून खाली पाहिलं तर तळाशी काळाकुट्ट डोंगर दिसतो. दगडांचा वाटतो. वरची खडी, माती आणि धूळ साचून त्याची गोधडी झालेली असते आणि ऊन आत पोचत नाही. गोधडीखाली जानेवारीत एखाद्या गल्लीतून, चमकणाऱ्या जॅकेटातल्या माणसाच्या मागोमाग उचललेला बर्फ असतो. त्याच्या पायथ्याशी हिरवट पाण्याचं तळं साचलेलं असतं, खारट.